कंडम क्वार्टरची जोडी

कंडम हा मोठा सोयीचा शब्द आहे. साहेबाच्या इंग्रजी शेऱ्यातून तो आपल्या बोलीत आला आणि असा काही मुरला की आता सायकलही कंडम होते, पंखाही कंडम होतो आणि डोकं फिरलं की समोरचा माणूससुद्धा! रेल्वे वसाहतीत मात्र त्याचा मूळ अर्थ अजून शाबूत आहे. क्वार्टर कंडम झाली म्हणजे ती राहायला लायक नाही असं कागदावर आलं. मग वीज तोडतात. दारं-खिडक्यांच्या चौकटी जातात, कौलं जातात, अंगणात बाभळी उगवतात आणि एक दिवस जेसीबी येतो. त्या दिवशी कुणी हळहळत नाही. हळहळण्यासारखं त्यात आहे काय, असाच सगळ्यांचा समज असतो.

या समजाशीच मला आज भांडायचं आहे.

माझी मागणी तशी छोटी आहे. मनमाडच्या रेल्वे वसाहतीतली कामगारांच्या जुन्या क्वार्टर्सची एक जोडी, हो, एकच जोडी, पाडू नका. ती दुरुस्त करा, वारसा म्हणून जाहीर करा आणि राखा. हे बोललं की लोक आधी हसतात. जुन्या क्वार्टर्सचे नकाशे पाहायला मिळतील का, म्हणून मी एका कार्यालयात विचारायला गेलो होतो. तिथले गृहस्थ म्हणाले, "साहेबांच्या बंगल्याचे बघा की, त्यात काही बघण्यासारखं तरी आहे!" ते वाईट मनाने बोलले नाहीत. पण आपल्या देशात वारसा कसा ठरवतात, ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं.

ज्यांनी रेल्वे वसाहत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जोड क्वार्टर म्हणजे एका छपराखाली दोन घरं, मधली भिंत दोघांची. पुढे अरुंद व्हरांडा, आत एक खोली, फार तर दीड, मागे चुलीपुरती जागा आणि त्यामागे हातभर अंगण. नळ चार घरांत एक. संडास लांब, रांगेत. भिंती मात्र जाड, कारण दगड इथलाच आणि स्वस्त. घरं जोडीने बांधण्यामागे शेजारधर्म वगैरे काही नव्हता. दोन घरांना मिळून एक भिंत वाचते, छपराचा खर्च कमी होतो, एवढा साधा हिशेब. तो हिशेब करणाऱ्याच्या ध्यानीमनी नसेल, पण त्या वाचवलेल्या भिंतीने दोन अनोळखी कुटुंबांना जन्मभर बांधून टाकलं. पलीकडच्याचा खोकला, पलीकडचं भांडण, पलीकडची बाळंतीण, सगळं अलीकडे ऐकू यायचं. माझं लहानपण अशाच एका भिंतीच्या अलीकडे गेलं. पलीकडचे काका रात्रपाळीहून आले की दुपारी आमच्याकडे मोठ्याने बोलायची चोरी असे. तसा नियम कुणी लिहिलेला नव्हता.

आणि ही घरं रुळाला लागून का? ते राहणाऱ्याच्या सोयीसाठी नव्हतं. रेल्वेला माणूस हाकेच्या अंतरावर हवा होता. उन्हाळ्यात रूळ तापून वाकडा होऊ शकतो, पावसाळ्यात भराव खचतो, कुठे फिशप्लेट सैल होते. की-मन रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासतो, पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन गस्त घालावी लागते. अपघात झाला तर भोंगा वाजतो आणि माणसं जेवणावरून उठून पळतात. घरात झोपलेला माणूससुद्धा अर्धा ड्यूटीवरच. त्यामुळे ही क्वार्टर मी कधी नुसतं घर समजत नाही. रूळ, सिग्नल, पाण्याची टाकी आणि क्वार्टर, हे सगळं एकाच यंत्राचे भाग होते. इंजिन जपायचं आणि हे टाकून द्यायचं, म्हणजे अर्धंच यंत्र जपायचं.

आता मनमाडच का? नाशिक जिल्ह्यात, नांदगाव तालुक्यात, अंकाई-टंकाईच्या पायथ्याजवळचं हे गाव. रेल्वे आली नसती तर आपण त्याचं नाव कशाला घेतलं असतं? जीआयपीचा मुंबईहून भुसावळकडे जाणारा मार्ग इथून गेला. मग दौंडकडून लाइन आली, ती १८७८ सालची. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यातून गोदावरी खोऱ्याची मीटरगेज आली. या दोन गेजचा मेळ बसत नसे. रुंद रुळावरचा वाघिणीतला माल उतरवायचा आणि अरुंद रुळावरच्या वाघिणीत भरायचा, तोही माणसांच्या पाठीवरून. १९९०च्या दशकात तो मार्ग रुंद होईपर्यंत मराठवाड्याची वाट मनमाडला अशी तुटत होती आणि माणसंच ती जोडत होती. १९०६ साली इथे रेल्वेचं इंजिनिअरिंग वर्कशॉप सुरू झालं. पुलांचे लोखंडी गर्डर तिथे तयार होतात. तुम्ही मध्य रेल्वेने कुठे जात असाल आणि एखाद्या नदीवर गाडीचा आवाज बदलला, तर तो पूल मनमाडच्या हातांनी बनवलेला असू शकतो. ते हात संध्याकाळी कुठे परतत होते, हे दाखवणारं काहीतरी गावात उरावं की नाही?

आपली वारशाची नजर कशी चालते ते पाहा. मुंबईचं व्हिक्टोरिया टर्मिनस, आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. योग्यच झालं, इमारत आहेच तशी. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात प्रिन्स ऑफ वेल्ससाठी १८७५ साली केलेला सलून आहे, म्हैसूरच्या महाराजांचा सलून आहे. खंडाळ्याच्या घाटाची गोष्ट निघाली की सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदाराचं नाव येतं. तो १८५९ साली इथे येऊन लगेच वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने ते काम तडीस नेलं. मला त्या बाईबद्दल आदरच आहे. पण त्याच घाटात हजारो मजूर कॉलऱ्याने, तापाने, सुरुंगाने मेले, त्यांच्यातलं एक तरी नाव तुम्हाला आठवतं? आठवणार कसं, जपलंच नाही तर!

म्हणजे आपण स्टेशन जपलं, राजाचा डबा जपला, इंजिन रंगवून स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर ठेवलं, कंत्राटदाराचं नाव जपलं. वसाहतीत साहेबाचा बंगला राहतो, कारण त्यात साहेब राहतो. त्याला आवार आहे, जुनी झाडं आहेत, दर दोन-चार वर्षांनी रंग लागतो. गँगमनची क्वार्टर मात्र कंडम. आणि मग पन्नास वर्षांनी कुणी अभ्यासक येतो, उरलेलं पाहतो आणि लिहितो की रेल्वेची वास्तुकला भव्य होती. भव्य होती, कारण बाकीची तुम्ही पाडलीत!

इथे मनमाडची एक तारीख सांगायलाच हवी. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८. या दोन दिवशी मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली आणि अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांचं प्रसिद्ध प्रतिपादन इथलं, मनमाडचं. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात असा अर्थ मला अभिप्रेत नाही, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती असा आहे, हा खुलासाही त्यांनी तिथेच केला. पण त्या भाषणातला जो भाग सहसा उद्धृत होत नाही तो माझ्या मुद्द्याला जास्त जवळचा आहे. त्यांनी रेल्वेतली उतरंड उघडी करून दाखवली. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, त्याला वर जायला वाट नाही. साधी पोर्टरची नोकरीही त्याला देत नाहीत, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरची कामं करून घेतो आणि अस्पृश्य माणूस घरात कसा चालेल?

बघा, गोष्ट शेवटी घरापाशीच आली. कुणी कुणाच्या घरात जायचं, कुणाचं घर वसाहतीच्या कोणत्या टोकाला, कुणाला नळ आणि कुणाला रांग. जात आणि वर्ग हे शब्द आपण पुस्तकात वाचतो. जुन्या रेल्वे वसाहतीत ते पावलांनी मोजता येतात. बंगल्यापासून गँगमनच्या क्वार्टरपर्यंत चालत जा, रस्ता अरुंद होत जातो, छप्पर खाली येत जातं, झाडं संपतात. १९३८च्या त्या मांडवात बसलेला माणूस जिथून उठून आला, तसली एक खोली त्याच गावात दाखवता येणं, ही किती मोठी गोष्ट आहे! बाबासाहेब लंडनला शिकत असताना १९२१-२२मध्ये ज्या घरात राहिले ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतलं. परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या त्यांच्या खोल्या पाहायला माणसं जातात, तिथे नक्षीकाम आहे का असं कुणी विचारत नाही. मग घराला किंमत असते हे आपल्याला कळतं तर! फक्त नेत्याच्या घराला असते, ज्यांच्यासाठी तो नेता झाला त्यांच्या घराला नसते, असं आहे का?

दुसरी तारीख ८ मे १९७४. देशभरातल्या रेल्वे कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे १७ लाख माणसं त्यात उतरली आणि तो जवळजवळ वीस दिवस चालला. तो मोडण्यासाठी अटका झाल्या, नोकऱ्या गेल्या, हे बहुतेकांना माहीत असतं. पण एक हत्यार असं वापरलं गेलं की ज्याची आठवण बायकांना जास्त आहे. अनेक रेल्वे वसाहतींत संपकऱ्यांच्या कुटुंबांना क्वार्टरमधून बाहेर काढण्यात आलं. नवरा तुरुंगात किंवा भूमिगत, आणि भांडीकुंडी रस्त्यावर. क्वार्टर ही सवलत आहे असं नोकरी लागताना सांगतात. ती सवलत हातातल्या दोरीसारखी कशी ओढता येते, हे त्या मे महिन्यात दिसलं. ज्या पिढीने ते सोसलं ती आता पिकली पान आहे. दहा-पंधरा वर्षांनी सांगायला कुणी नसेल. निदान दार तरी असू द्या, ज्यातून ती भांडी बाहेर आली तसलं दार.

आता आक्षेप. ते मी रोज ऐकतो, आणि त्यातला पहिला मला मनापासून मान्य आहे. "तुम्हाला काय जातंय बोलायला, ज्यांना त्या गळक्या खोल्यांत राहावं लागतं त्यांना विचारा!" अगदी बरोबर. आजच्या ट्रॅकमनला प्रशस्त घर मिळालंच पाहिजे, घरात नळ, घरात संडास, मुलांना अभ्यासाला जागा. मनमाडसारख्या गावात, जिथे नळाच्या पाण्याची वाट पाहण्यात लोकांची आयुष्यं गेली, तिथे पाण्याची टाकी नसलेल्या घराचं कौतुक मी करू धजणार नाही. जुनी वसाहत जशीच्या तशी ठेवा आणि माणसांना तिथेच कुजवा, असं म्हणणाऱ्याच्या विरोधात मी पहिला उभा राहीन. मुंबईच्या वरळीत १४ ऑगस्ट २०२५ला बी.डी.डी. चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा एकशे साठ चौरस फुटांतून सुटलेल्यांचे चेहरे आपण पाहिले. त्या आनंदाला नाक मुरडण्याइतका हौशी मी नाही. म्हणून तर एकच जोडी म्हणतोय! बाकी शंभर पाडा आणि शंभर कुटुंबांना चांगली घरं द्या. एका जोडीपायी कुणाचं घर अडत असेल तर हिशेब दाखवा.

दुसरा आक्षेप, "त्यात सुंदर काय आहे?" काही नाही. पण १९५८चा आपला पुरातत्त्वाचा कायदा उघडून पाहा. ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्व, असे शब्द आहेत. 'किंवा' आहे, 'आणि' नाही. सौंदर्याची सक्ती कायद्याने केलेली नाही, आपल्या सवयीने केली आहे. आणि इथे तर कायद्याचं लांबचं वळण घ्यायचीही गरज नाही. जागा रेल्वेची, इमारत रेल्वेची आणि वारसा सांभाळण्यासाठी रेल्वे बोर्डात स्वतंत्र विभागही आहे. म्हणजे मनात आणलं तर रेल्वेच्या घरचीच गोष्ट.

तिसरा आक्षेप मात्र चलाख आहे. "फोटो काढून ठेवा, एक पाटी लावा, झालं!" फोटोत खोलीची रुंदी दिसते, पण तिथे सहा माणसं झोपायची म्हणजे कुणाचे पाय कुणाच्या डोक्याशी यायचे ते कळत नाही. ते आत उभं राहून कळतं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्रे तापल्यावर तिथे दहा मिनिटं बसा, रात्रपाळीचा माणूस दिवसा कसा झोपत असेल ते शरीराला समजतं. शेजारून मालगाडी गेली की भिंत थरथरते, ती थरथर पाटीवर कशी लिहाल? आणि म्हणूनच जोडी हवी, एकटी क्वार्टर नको. एकटं घर राखलं की ते कौलारू खेळण्यासारखं गोजिरवाणं दिसायला लागतं. मधली भिंत असली की मग ते दोन कुटुंबांचं होतं आणि खरं होतं.

आणि हे जगात कुणी केलंच नाही असं थोडंच आहे? इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला कामगारांची पाठीला पाठ लावलेली घरं हजारोंनी होती. झोपडपट्टी म्हणून सगळी पाडली. अंगणाभोवतीचा एकच पुंजका शिल्लक राहिला, तो नॅशनल ट्रस्टने दुरुस्त करून २००४ साली लोकांना खुला केला. त्यातली चार घरं चार वेगवेगळ्या काळांतली म्हणून मांडली आहेत, एक तर कॅरिबियन बेटांवरून आलेल्या शिंप्याचं दुकान आहे. न्यूयॉर्कमध्ये ऑर्चर्ड स्ट्रीटवर १८६३ सालची एक भाड्याची इमारत आहे. तिच्यात मिळून सुमारे सात हजार गरीब स्थलांतरित राहून गेले. १९८८पासून तिचं संग्रहालय झालं. तिथे राजाचा पलंग नाही, शिवणकामाने डोळे घालवलेल्या बायकांची खोली आहे. लोक तिकीट काढून बघतात! ज्या इंग्रजांनी आपल्याला जोड क्वार्टर दिली ते स्वतःच्या कामगारांची घरं जपू लागले, आणि आपण अजून फक्त त्यांचे बंगले जपतोय. याला काय म्हणावं?

फक्त एक पथ्य. या जोडीचं नटवं कॅफे करू नका. भिंतीवर कंदील टांगून, कपबशीत चहा देऊन 'जुने दिवस' विकू नका. डावी क्वार्टर राहती होती तशी ठेवा, चूल, पत्र्याची पेटी, कोपऱ्यात पहार आणि हातोडा, खुंटीला कंदील, बाहेर एक नळ. उजव्या क्वार्टरमध्ये कागद ठेवा. नोकरीचे हुकूम, पास, पगाराच्या चिठ्ठ्या, क्वार्टर खाली करण्याच्या नोटिसा, युनियनची पत्रकं, १९३८च्या परिषदेची माहिती. आणि आवाज ठेवा. निवृत्त गँगमन, खलाशी, पॉइंट्समन आणि विशेषतः त्यांच्या बायका, यांना बोलतं करा आणि ते रेकॉर्ड करून ठेवा. दाखवायला वसाहतीतलीच निवृत्त माणसं ठेवा, चार पैसेही मिळतील. रेल्वे शाळेतली पोरं वर्षातून एकदा आत नेऊन उभी करा. याला फार मोठं बजेट लागत नाही, लागते ती थोडी लाज.

घाई का करायची तेही सांगतो. २०२४च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने मनमाड-इंदूर ही ३०९ किलोमीटरची नवी लाइन मंजूर केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात जळगाव-मनमाड चौथी लाइन मंजूर झाली. व्हायलाच हव्यात त्या, मनमाडचं भलंच आहे त्यात. पण लाइन वाढली की यार्ड वाढतं, यार्डाला जागा लागते आणि पहिला नंबर लागतो रुळाशेजारच्या कंडम क्वार्टर्सचा. त्या मूळच्या रुळाशेजारीच बांधलेल्या! जेसीबीवाल्याला आपण दोष देऊ शकत नाही, त्याच्या हातात यादी असते. यादी करणाऱ्यापर्यंत आधी पोचायला हवं.

तेव्हा मनमाडकर वाचत असतील तर एक काम करा. तुमची, तुमच्या वडिलांची, आजोबांची क्वार्टर उभी असेल तर जाऊन टेप लावून तिची मापं घ्या, कागदावर नकाशा काढा. आजीला विचारून घ्या की पलीकडे कोण राहायचं, ते कुठल्या गावचे, पाणी कुठून आणायचे. मग भुसावळच्या मंडल रेल प्रबंधकांना एक साधं पत्र लिहा, मराठीतच लिहा, की यातली एक जोडी आम्हाला हवी आहे. दहा पत्रं गेली तर ती फायलीत जातील, हे मलाही कळतं. पण फाइल तरी उघडेल. आज त्या जोडीच्या नावाने रेल्वेच्या दप्तरात एकच कागद आहे, आणि त्यावर एकच शब्द लिहिलेला आहे. दुसरा कागद आपण लावू.